सरोवराने कापलेली वर्तुळं

एम.ए.च्या पेपरात ही आकृती काढली की चार मार्क हमखास. कंपास रोवायचा, एकात एक पाच वर्तुळं ओढायची, त्यांत रोमन आकडे घालायचे, बाजूला पाच पट्ट्यांची नावं लिहायची आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. आमच्या पुस्तकात त्या वर्तुळांच्या मधून, वरून खाली, एक वेडीवाकडी रेघ गेलेली होती. ती आम्ही सगळेच गाळत असू. तिला मार्क नव्हते.

ती रेघ म्हणजे मिशिगन सरोवराचा काठ, एवढं सरांनी सांगितलं होतं. आकृती शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांची. १९२५ साली रॉबर्ट पार्क आणि रॉडरिक मॅकेंझी यांच्यासोबत काढलेल्या ‘द सिटी’ या पुस्तकात शहराच्या वाढीवरचा त्यांचा पंधरासोळा पानांचा निबंध आहे, त्यात ती येते. अमेरिकन शहरांविषयी नंतर जे काही लिहिलं गेलं, त्यातल्या निम्म्या लिखाणाने या आकृतीला नमस्कार तरी केला आहे किंवा तिच्यावर दगड तरी टाकला आहे. दगडच जास्त. ती चुकीची आहे हे आता इतक्या वेळा सिद्ध झालंय की त्यात काही मौज उरलेली नाही. मला ती कविता वाचावी तशी वाचायची आहे. काय ठेवलंय, काय गाळलंय, कुठला शब्द कुठे बसलाय, आणि कुठे कवीचा हात त्याच्याही नकळत थरथरलाय.

निबंधात आकृत्या दोन आहेत. पहिलीत नुसती वर्तुळं. मधोमध ‘लूप’, म्हणजे उन्नत रेल्वे जिथे वेढा घालून परतते तो शिकागोचा व्यापारी गाभा. त्याच्याभोवती संक्रमणाचा पट्टा. मग कामगारांच्या घरांचा. मग जरा बऱ्या वस्तीचा. आणि सगळ्यांच्या बाहेर, रोज अप-डाउन करणाऱ्यांचा. यात रस्ता नाही, नदी नाही, उत्तर-दक्षिण नाही, किती मैलांना किती इंच तेही नाही. म्हणजे हा नकाशाच नव्हे. नकाशा शहर कुठे आहे ते सांगतो. ही आकृती शहर कसं सरकतं ते सांगते. झाडाच्या खोडातली वर्षवलयं एकदा पडली की जागची हलत नाहीत; बर्जेस यांची वलयं मात्र सतत बाहेर ढकलली जातात. गाभा फुगतो, शेजारच्या पट्ट्यात घुसतो, तो पट्टा पुढच्यात घुसतो. पाच स्थिर रेषांमध्ये एवढी हालचाल कोंबणं हे मला आजही अचाट वाटतं.

हालचाल त्यांच्या डोळ्यांसमोरच होती म्हणा. १८४० साली शिकागोत साडेचार हजार माणसंही नव्हती. १८९० मध्ये अकरा लाखांच्या आसपास पोहोचली, १९३० मध्ये चौतीस लाखांच्या घरात. एका माणसाच्या आयुष्यात दलदलीतलं खेडं महानगर झालं. बर्जेस या वेगाची नाडी धरू पाहतात, आणि त्यासाठी काय काय मोजतात ते पाहण्यासारखं आहे: माणशी किती पत्रं, शंभर माणसांमागे किती टेलिफोन, ट्रामच्या किती फेऱ्या. १८९० पासून तीस वर्षांत माणशी फेऱ्या दुपटीवर गेल्याची नोंद ते करतात. लूपमधल्या स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांच्या एका कोपऱ्यावरून साडेसोळा तासांत दोन लाख दहा हजार माणसं गेली, हा आकडाही त्यांच्याच निबंधातला. शहरातली सगळ्यात महाग जमीन त्याच चौकातली. माणसांची वर्दळ आणि जमिनीचा भाव यांची अशी गाठ मारून झाल्यावर कंपासचं टोक कुठे रोवायचं हा प्रश्नच उरत नाही.

खरी मेख दुसऱ्या वर्तुळात आहे. सगळ्यात महाग जमिनीला लागूनच सगळ्यात बकाल वस्ती का असावी? भाबडा तर्क सांगेल की भाव हळूहळू उतरत जावेत आणि घरंही त्याच बेताने साधी होत जावीत. तसं होत नाही, कारण दुसऱ्या पट्ट्यातला घरमालक आज घरात राहणाऱ्या भाडेकरूकडे पाहतच नाही. त्याची नजर लूपकडे असते. उद्या गाभा सरकत आपल्यापर्यंत आला की इथे गोदाम होईल, कारखाना होईल, जमिनीचं सोनं होईल. मग गळक्या छपरावर पैसे कशाला घाला? दुरुस्ती थांबते, घर खचतं, एका बिऱ्हाडाच्या जागेत चार कोंबली जातात. कालपरवा बोटीतून उतरलेल्याला परवडतं तेच, आणि ते कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतं. तेव्हा संक्रमणाचा पट्टा ही गरिबांच्या सवयींची करामत नाही, ती मालकांच्या वाट पाहण्याची आहे. बर्जेस यांच्या भाषेत नीतिमत्तेचा वास अधूनमधून येतो, तो जुना काळच तसा. पण आकृती त्यांच्या भाषेपेक्षा शहाणी आहे. ती बकालपणाला स्वभावात न बसवता जागेत बसवते. तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्ही केंद्रापासून कुठे राहता हे महत्त्वाचं, असं ती म्हणते. ज्या काळात अमेरिकेत वंशांच्या रक्तावर आणि कवट्यांच्या मापांवर ग्रंथ निघत होते, त्या काळात हे म्हणणं लहान नव्हतं.

आता दुसरी आकृती. वर्तुळं तीच, पण शिकागोवर बसवलेली, आणि नावांनी नुसती गजबजलेली. छोटी सिसिली. घेट्टो. चायनाटाऊन. खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या एकट्या जिवांचा भाग. गुन्हेगारी जगाचा भाग. दोन बिऱ्हाडांच्या दुमजली घरांचा. निवासी हॉटेलांचा, झगमगत्या दिव्यांचा, बंगल्यांचा. पहिली आकृती भूमितीची वही होती, ही बाजारपेठेतली पाटी आहे. शास्त्रीय शब्द आणि गल्लीतले शब्द एकाच टाइपात शेजारी शेजारी. हे घडलं कारण पार्क हे मुळात वार्ताहर. ते आणि बर्जेस विद्यार्थ्यांना गावभर फिरायला पाठवत, रंगीत नकाशे भरून आणायला लावत. नेल्स अँडरसन यांचं फिरत्या मजुरांवरचं पुस्तक, लुई वर्थ यांचं घेट्टोवरचं, हार्वी झोरबो यांचं श्रीमंत किनाऱ्याला खेटून असलेल्या गरीब वस्तीवरचं, ही सगळी याच आकृतीच्या घरट्यातली पिलं.

त्या गर्दीत एक शब्द मला फार आवडतो. तिसऱ्या वर्तुळात, म्हणजे घेट्टोच्या एक पायरी बाहेर, लिहिलंय ‘डॉइचलँड’. नकाशावर मधेच जर्मनी कशी आली? तर घेट्टोतले पूर्व युरोपीय ज्यू आपल्यातूनच वर चढून पलीकडे राहायला गेलेल्यांच्या वस्तीला असं म्हणत. तिकडची माणसं जर्मन ज्यूंच्या राहणीची नक्कल करतात म्हणून थोडा हेवा, थोडी टर. मागे राहिलेल्याने पुढे गेलेल्याला ठेवलेलं टोपणनाव. बर्जेस ते जसंच्या तसं शास्त्राच्या आकृतीत उचलतात. शिवाय डॉइचलँडवाल्याची नजर आणखी बाहेर लागलेली असते, हेही ते नोंदवतात. जिना चढणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वरच्याच्या टाचा. हे अनुभवायला शिकागोला जायची गरज नाही, पण एका शब्दात पकडायला बर्जेस लागतात.

म्हणजे आकृतीची गोष्ट अशी: माणूस दुसऱ्या वर्तुळात उतरतो, त्याचा मुलगा तिसऱ्यात जातो, नातू चौथ्यात. वर्तुळांमधली जागा म्हणजे पिढ्यांमधली वर्षं. गोष्ट गोड आहे आणि इटालियन, पोलिश, ज्यू, आयरिश यांच्या बाबतीत बरीच खरीही.

मात्र त्याच आकृतीत एक नाव या गोष्टीत बसत नाही, आणि ते बसत नाही हे डोळ्यांना दिसतं. ‘ब्लॅक बेल्ट’. काळ्या लोकांची वस्ती. बाकीच्या वस्त्या आपापल्या वर्तुळात राहतात. ही एक उभी पट्टी आहे, दक्षिणेकडे उतरत जाणारी. ती दुसऱ्या वर्तुळात सुरू होते आणि पुढची वर्तुळं आडवी छेदत जाते. संपूर्ण सिद्धान्त सांगतो की शहर गोलात वाढतं, आणि शहरातली एक वस्ती सरळ रेषेत वाढते! बर्जेस यांनी यावर वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही. पण त्यांनी पट्टी गोलाकार केली नाही, वळवून आपल्या सिद्धान्तात बसवली नाही. जशी होती तशी काढली. या प्रामाणिकपणासाठी मी त्यांचे बाकीचे अपराध माफ करायला तयार आहे.

पट्टी अरुंद का? १९१० मध्ये शिकागोत काळी वस्ती ४४ हजार होती, १९२० मध्ये १ लाख ९ हजार, १९३० मध्ये २ लाख ३३ हजारांहून अधिक. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून माणसं रेल्वेने येत होती, आणि पट्टीच्या दोन्ही कडा जागच्या हलत नव्हत्या. इथे बर्जेस यांचा आणखी एक शब्द ऐकावा लागतो: आक्रमण. एक वस्ती दुसरीवर आक्रमण करते, तिची जागा घेते. तो त्यांनी वनस्पतिशास्त्रातून उचलला. त्यांच्याच विद्यापीठातले हेन्री काउल्स यांनी १८९९ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्या अभ्यासल्या होत्या. पाण्यापासून आत चालत जावं तसं आधी नुसतं गवत, मग झुडपं, मग पाइन, मग ओक. एक पट्टा पुढच्याला जागा करून देतो आणि स्वतः संपतो. वनस्पतींमध्ये हे देखणं आहे. गवत काही ओकच्या झाडावर दावा लावत नाही. शहरात मात्र ‘आक्रमण’ म्हटलं की बचाव करणारे आपोआप उभे राहतात. शिकागो कुठल्याच आदर्श आकृतीत नेमकं बसत नाही, असं सांगताना बर्जेस अडथळ्यांची यादी देतात: सरोवर, नदी, रेल्वेचे रूळ, आणि त्याच ओळीत, त्याच सुरात, आक्रमणाला वस्त्यांनी केलेला कमीजास्त प्रतिकार. नदी आणि माणसांचा द्वेष एका माळेत ओवले गेले. निबंधातली ही सगळ्यात थंड जागा.

आकृतीच्या बाहेरच्या भागात याच प्रतिकाराचा पत्ता आहे: ‘रिस्ट्रिक्टेड’ निवासी भाग. परीक्षेत आम्ही ‘मर्यादित निवासी क्षेत्र’ असं भाषांतर लिहायचो, जणू जागा कमी होती! मर्यादा जागेची नव्हती. खरेदीखतातच अटी घातलेल्या असत, आणि शिकागोत त्यांतली एक बहुधा ही असे: हे घर काळ्या माणसाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही. घरकामाचा नोकर किंवा ड्रायव्हर म्हणून राहिला तर हरकत नाही. बाकी सगळी नावं आपसूक पडलेली; हे एकच वकिलाने पाडलेलं. आणि हे सरोवरापलीकडचं कुठलंतरी दूरचं जग नव्हतं. बर्जेस शिकवत होते त्या विद्यापीठाने पुढे तीसच्या दशकात आपल्या परिसरात अशा अटी टिकवून धरणाऱ्या रहिवासी संघटनांना पैसा पुरवला. कार्ल हॅन्सबेरी नावाच्या काळ्या गृहस्थांनी १९३७ मध्ये त्याच बाजूला घर घेतलं, दगड झेलले, खटला लढवला आणि १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले, तेही तांत्रिक मुद्द्यावर. या अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निकाल यायला १९४८ उजाडलं. हॅन्सबेरींची मुलगी लोरेन. तिच्या ‘अ रेझिन इन द सन’ या १९५९ च्या नाटकातलं कुटुंब विम्याच्या पैशातून गोऱ्या वस्तीत घर घेतं, ते लेखिकेने बालपणी भिंतीच्या आतून पाहिलेलं होतं.

आणि आता ती रेघ.

बर्जेस वर्तुळं पूर्ण काढतात. शिकागोच्या पूर्वेला सरोवर आहे, तिथे ना कामगारांची घरं आहेत ना बंगल्या. तरीही कंपास थांबत नाही, पाण्यावरून गोल फिरून परत येतो. मग त्या पूर्ण वर्तुळांवर हाताने ओढलेली वाकडी रेघ: इथून पुढे पाणी. खोडरबर न वापरता केलेली दुरुस्ती. तिच्यामुळे आकृती एकाच वेळी दोन वाक्यं बोलते. शहर असं असतं. आणि शहर असं नसतं. आदर्शही ठेवला, भूगोलही ठेवला, आणि दोघांतलं भांडण वाचकावर सोपवलं. एखाद्या टापटिपीच्या माणसाने अर्धवर्तुळं काढून मोकळं केलं असतं आणि आकृती मेली असती.

पण मी त्या पाण्याकडे पुन्हा पुन्हा पाहतो ते दुसऱ्याच कारणाने. २७ जुलै १९१९, रविवार, कडक उन्हाळा. एकोणतिसाव्या रस्त्याजवळच्या किनाऱ्यावर काळे आणि गोरे वेगवेगळ्या जागी पोहत. कायद्यात तसं काही नव्हतं, वाळूवर कुंपण नव्हतं, पाण्यात तर काहीच नव्हतं. यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर तरंगत तरंगत त्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडे गेला. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले. मुलगा बुडाला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडायला नकार दिला आणि शहर पेटलं. अडतीस माणसं मेली, तेवीस काळी, पंधरा गोरी. पाचशेहून अधिक जखमी. हजारभर, बहुतेक काळी, बेघर. पार्क यांचे विद्यार्थी चार्ल्स जॉन्सन यांनी चौकशी आयोगासाठी त्याचा अहवाल लिहिण्यात मोठा वाटा उचलला, तो १९२२ मध्ये निघाला. आकृती छापली गेली त्याच्या तीनच वर्षं आधी. तेव्हा बर्जेस यांचा कंपास पाण्यावरून फिरला हे अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. शिकागोत पाण्यावरही वस्त्या होत्या.

पाचव्या वर्तुळाची व्याख्या निराळीच आहे. पहिली चार वर्तुळं तिथे काय आहे यावरून ओळखायची. पाचवं गाभ्यापासून तीस ते साठ मिनिटांच्या प्रवासावरून. मैल नाहीत, मिनिटं. अमेरिकेच्या उपनगराची गोष्ट त्या एका मापात आहे, कारण मैल तेच राहतात, मिनिटं बदलतात. कर्जत किती किलोमीटर हे कुठल्या मुंबईकराला माहीत असतं? आगगाडी होती तोवर उपनगर स्टेशनाला चिकटलेलं असे. मोटारी आल्या, मग द्रुतगती मार्ग आले, आणि त्याच तासाभरात माणूस कुठल्या कुठे पोहोचू लागला. युद्धानंतर शिकागोच्या दक्षिणेला शेतजमिनीवर पार्क फॉरेस्ट उभं राहिलं, परतलेल्या सैनिकांसाठी. विल्यम व्हाइट यांनी १९५६ च्या ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ मध्ये त्या गावातल्या शेजाऱ्यांच्या कॉफीपानापर्यंत सगळं टिपलं.

वर्तुळ फुगवायला फक्त मोटार पुरली असती, असं नाही. कर्ज लागतं. होमर हॉइट यांनी त्याच विद्यापीठात शिकागोच्या शंभर वर्षांच्या जमीनभावांवर प्रबंध लिहिला, १९३३ चा. त्यात कुठल्या जमातीमुळे भाव चढतो-उतरतो याची उतरंड आहे: वर इंग्रज, जर्मन, स्कॉटिश; तळाला काळे आणि मेक्सिकन. पुढच्याच वर्षी ते संघ सरकारच्या नव्या गृहकर्ज-विमा खात्यात दाखल झाले. त्या खात्याने कर्ज कुणाच्या, कुठल्या घराला सुरक्षित मानायचं याचे नियम केले आणि खरेदीखतातल्या त्या अटींची शिफारसही केली. दुसऱ्या एका सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे हिरव्या, निळ्या, पिवळ्या, लाल रंगांत रंगवले. लाल म्हणजे धोका. बर्जेस यांची आकृती समोर ठेवून ते रंग भरले असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण वस्ती जात्याच खालावत जाते, नवे आले की जुने जातात, हा विचार त्यांनी इतका सुबक करून ठेवला होता की कारकुनाला फक्त रंगाचा ब्रश उचलायचा राहिला. वर्णन म्हणून काढलेली गोष्ट फॉर्मवरचा रकाना झाली. गोऱ्यांची पाचव्या वर्तुळाकडे रीघ लागली. १९५० मध्ये शिकागो शहरात छत्तीस लाख माणसं होती, २०२० मध्ये साडेसत्तावीस लाखांच्या आत.

माझा मावसभाऊ नेपरव्हिलला राहतो, लूपपासून तीसेक मैल पश्चिमेला. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आशियाला दार उघडलं, त्यानंतर गेलेल्या कित्येक मराठी घरांसारखं त्याचंही. संक्रमणाचा पट्टा त्याने पाहिला तो गाडीच्या काचेतून. डिग्री हातात, नोकरी ठरलेली; विमानतळावरून एकदम शेवटच्या वर्तुळात. ना घेट्टो, ना डॉइचलँड. दुसरीकडे, ज्या दुसऱ्या वर्तुळात गळक्या छपराखाली चार बिऱ्हाडं होती, तिथल्या जुन्या गोदामांमध्ये आता उंच छताचे महागडे फ्लॅट आहेत, आणि गरिबी दक्षिणेकडच्या उपनगरांत सरकलीय. मालकांची वाट पाहणं फळाला आलं, फक्त कारखान्याऐवजी कॉफीची दुकानं आली. मी त्याला फोनवर आकृतीबद्दल सांगत होतो. तो म्हणाला, “अरे, आमच्याकडून लूप गाडीने तासाभरावर. म्हणजे मी अजून बसतो की तुझ्या त्या पाचव्यात.”

परवा पुन्हा काढून पाहिली. कंपास जुनाच, पेन्सिल नवी. पाच वर्तुळं मिनिटभरात आली, हात अजून विसरलेला नाही. काळी पट्टी पट्टीनेच ओढली. काठाची रेघ मात्र तीनदा खोडावी लागली; दर वेळी ती फार सरळ येत होती.